नऊ विमानं, त्रेसष्ट मिरच्या

आमचा मल्लू विमान उलटं चालवतो, असं मी सासूबाईंना सांगितलं, ही माझी चूक. मल्लू विमान उलटं चालवत नाही. खरं सांगायचं तर तो ते सुलटंही चालवत नाही. तो विमान पुसतो, तपासतो, चाकाखालचे ठोकळे काढतो आणि ते उडालं की खाली उभा राहून वर बघतो.

मल्लू म्हणजे मल्लिनाथ, माझ्या मेव्हण्याचा मुलगा. हवाई दलात टेक्निशियन आहे. वर्षभरापूर्वी त्याची नेमणूक आकाशात कसरती करणाऱ्या नऊ विमानांच्या टीमकडे झाली. त्याचे आईवडील पुण्याकडे नोकरीला, त्यामुळे पोरगा अक्कलकोटला आजीच्या मांडीवर वाढला. ही आजी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना आम्ही सगळेच अव्वा म्हणतो. नातवाची नोकरी ‘मिलिटरीत, इमानाकडं’ एवढंच अव्वांना ठाऊक होतं, आणि तेवढ्यावर सगळं सुरळीत चाललं होतं.

पण महिन्यापूर्वी अक्कलकोटला एका बारशाच्या पंगतीत मला बोलायची लहर आली. नऊ विमानं कशी एकमेकांना जवळजवळ चिकटून उडतात, कशी गिरकी घेतात, कशी शेपटीतून रंगीत धूर सोडतात, हे मी हातवारे करून सांगत होतो. (एका गिरकीत शेजाऱ्याच्या पानातली पुरणपोळीही उडाली.) तेवढ्यात कुणीतरी विचारलं, “मंग आपला मल्लू त्यातलं कुठलं चालवतोय?”

आता दहा-बारा माणसं घास हातात तसाच धरून आपल्याकडे बघतायत, अशा वेळी ‘तो ठोकळे काढतो’ हे वाक्य कुणाच्या तोंडून निघेल? माझ्या नाही निघालं. मी म्हटलं, “मधलं. आणि तेही उलटं!”

(हा माझा स्वभाव जुनाच. लग्न ठरताना मी अव्वांना सांगितलं होतं, की चिंचोळी एमआयडीसीतला टॉवेलचा अख्खा कारखाना माझ्या एकट्याच्या डोक्यावर चालतो. मी तेव्हाही डिस्पॅचला होतो, आजही डिस्पॅचलाच आहे. दुसरे लोक खोक्यात टॉवेल भरतात, मी खोक्यावर सही करतो.)

अव्वा त्या दिवशी नुसतं “उलटं?” म्हणाल्या आणि पानावरून उठल्या. मला वाटलं, अभिमानानं पोट भरलं असेल.

घरी येताना बसमध्ये माझी बायको शैला म्हणाली, “अव्वाला खरं काय ते सांगून टाका.”

“सांगतो की.”

“कधी?”

“योग्य वेळ आली की.”

योग्य वेळ आली नाही, मल्लूचा पेन ड्राइव्ह आला. टीमच्या कसरतींचा व्हिडिओ त्याच्या मित्रानं मैदानात उभं राहून घेतला होता. त्याच आठवड्यात अव्वाही डोळ्याच्या तपासणीसाठी सोलापूरला आल्या. सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हा मिळालेला काळा गॉगल त्यांना इतका आवडला होता, की तो त्या देवळात जातानाही काढत नसत. “नव्या डोळ्यानं पयल्यांदा माज्या लेकराला बघनार हाय,” असं त्यांनी दारातच जाहीर केलं. पोराला बघून दीड वर्ष झालं होतं त्यांना.

आदल्या संध्याकाळी कारखान्यातून आल्यावर मी तो व्हिडिओ एकट्यानं बघून घेतला, आणि अकराव्या मिनिटाला माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. वर नऊ विमानं पालथी होऊन चाललेली, आणि कॅमेरा सहज खाली येतो, तर खाली कोण? मल्लू! निळा डगला घातलेला, मान वर केलेली आणि तोंडात अर्धं केळं! फक्त चार सेकंद. पण अख्ख्या व्हिडिओत मल्लूचं तोंड दिसतं ते याच चार सेकंदांत. ते दाखवावं तर माझी अब्रू जाते, न दाखवावं तर अव्वांना नातू दिसत नाही.

शैलानं मागून बघितलं आणि म्हणाली, “बघा हं. उद्या लावायच्या आधी सांगा. नाहीतर केळंच सांगेल.”

मी बेत केला: अकराव्या मिनिटाला टीव्हीपुढं उभं राहायचं आणि चार सेकंद आळस द्यायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोग ठरला. शेजारचे श्रीनिवास अण्णा आणि त्यांच्या पत्नी पद्माक्का यांनाही मीच बोलावलं होतं. (खोटं बोलायचं तर प्रेक्षक हवेत, ही माझी सवय.) अण्णांचा टॉवेलचे माग चालवण्यात जन्म गेला, धागा कुठं चुकला हे त्यांना दहा हातांवरून दिसतं. हा गुण मी त्या दिवशी लक्षात घ्यायला हवा होता.

मे महिना, सोलापूर, दुपारचे तीन! टीव्हीवर उजेड पडतो म्हणून मी दोन्ही खिडक्यांवर सोलापुरी चादरी टांगल्या. दार लावलं. कूलरच्या घरघरीत विमानांचा आवाज ऐकू येत नाही म्हणून कूलर बंद केला. पाच मिनिटांत हॉलची भट्टी झाली.

“सर, पिच्चरपेक्षा आपनच आधी उडून जाऊ,” अण्णा घाम पुसत म्हणाले.

अव्वांनी टीव्हीच्या कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढली. मग रिमोटवर ओढली. मग माझ्याही कपाळावर ओढली आणि त्या अगदी पुढच्या खुर्चीत, काळा गॉगल लावून बसल्या.

विमानं उडाली. मी काठी घेऊन टीव्हीशेजारी उभा राहिलो. “हे बघा अव्वा, मधलं. त्यात मल्लू.”

“तोंड दिसंना की.”

“हेल्मेट असतं, अव्वा.”

“आनि ह्यो उलटा चाललाय त्यो कोन?”

“तोच. मल्लूच.”

अण्णा पुढं सरकले. “सर, मल्लू मधल्यात होता ना? उलटा गेला ते तर डावीकडचा.”

“वर गेल्यावर जागा बदलतात ते, अण्णा.”

“उडता उडता? एस्टीत खिडकीची सीट बदलल्यासारखं?”

शैला मला तिथून दिसत नव्हती, पण ती कशी बघत असेल हे मला पाठीवर कळत होतं.

नऊच्या नऊ विमानं पालथी झाली, तशा अव्वा ताडकन उठल्या. “अय्य शिवने!” म्हणत स्वयंपाकघरात गेल्या. मी घड्याळात पाहिलं. दहावं मिनिट! अकरावं सुरू होतंय आणि अव्वा आत! देव असतो, यावर माझा त्या क्षणी पूर्ण विश्वास बसला.

तो पुढच्या क्षणी उडाला, कारण अव्वा बाहेर आल्या त्या हातात सांडशी आणि सांडशीत मघापासून गॅसवर ठेवलेला, लालभडक तापलेला तवा घेऊन. दुसऱ्या हातात मीठ-मोहऱ्या आणि मिरच्यांची अख्खी पिशवी. या मिरच्या पद्माक्कांनी गेल्याच आठवड्यात तेलंगणातून आणून शैलाला चटणीसाठी दिल्या होत्या. देताना त्या म्हणाल्या होत्या, “वहिनी, एका भाजीला एकच टाका हां. अर्धीच टाका.”

“अव्वा, हे काय?” मी विचारलं.

“दृष्ट काढते. एवढी मान्सं खालून बघायल्यात माज्या लेकराला!”

“अहो पण सात मिरच्या पुरतात की. पिशवी कशाला?”

“सात? इमानं नऊ हायत न्हवं? बाकीची पोरं काय आभाळातनं पडल्यात? ती बी कुन्या आईचीच हायत की!”

नऊ साते त्रेसष्ट. अव्वांनी टीव्हीभोवती तवा ओवाळला आणि त्यात त्रेसष्ट मिरच्या ओतल्या.

पहिली दोन सेकंदं काहीच झालं नाही. नेमक्या त्याच वेळी पडद्यावर विमानांनी शेपटीतून केशरी, पांढरा आणि हिरवा धूर सोडला, आणि आमच्या हॉलमध्येही धूर झाला. अण्णांनी तवा पाहिलाच नव्हता. त्यांचे डोळे विमानावर होते. ते ओरडले, “सर! धूर बाहेर आला! टीव्ही पेटला!” आणि खिडकीवरची चादर ओढून त्यांनी टीव्हीवर टाकली. मग दुसरी ओढली आणि गडबडीत माझ्यावर टाकली.

चादरीच्या आत मी खोकत होतो. सोलापुरी चादर किती दणकट असते, हे मी आयुष्यभर पाहुण्यांना अभिमानानं सांगत आलोय. आतून पहिल्यांदाच अनुभवत होतो. धडपडत सोफ्यावर बसलो. खाली काहीतरी टोचलं, पण ते बघायला वेळ कुणाला! धूर घालवायला काहीतरी केलं पाहिजे म्हणून मी चाचपडत गेलो आणि कूलर सुरू केला.

ही माझी दुसरी चूक. कूलरचं तोंड अव्वांच्या तव्याकडं होतं. आतापर्यंत एका कोपऱ्यात असलेला ठसका कूलरनं घरभर सगळ्यांना सारखा वाटला. पद्माक्का तेलुगूत कुणाला तरी हाका मारत होत्या. शैला “दार! दार!” म्हणत होती. अव्वा मात्र गॉगल लावून, नाकाला पदर लावून शांत उभ्या होत्या आणि आनंदानं सांगत होत्या, “ठसका लई हाय! म्हंजे पोराला दृष्ट न्हाय लागलेली! सुम्न कुंद्रा!” (म्हणजे कानडीत, गप्प बसा. ती सोय कुणालाच नव्हती.)

शेवटी दार उघडलं आणि आम्ही बाहेर ओट्यावर येऊन पडलो. चौघांच्या डोळ्यांतून धारा. पद्माक्का कपाळावर हात मारून घेत होत्या. मी अजून चादरीत. समोरच्या घरातले देशपांडे सर हे दृश्य पाहून धावत आले, आमच्या फाटकात चप्पल काढून हात जोडून उभे राहिले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “कधी झालं?”

मला बोलता येईना. विमानं, असं सांगायला मी वर आकाशाकडे बोट दाखवलं.

“अरेरे,” देशपांडे सर म्हणाले. “काल तर बरे होते!”

कोण बरे होते, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. पण त्यांनी आपल्या घरी जाऊन दोन फोनही केले. पुढचा तासभर लोक येत होते आणि मला जिवंत बघून थोडे हिरमुसून परत जात होते.

धूर निवळल्यावर आम्ही आत गेलो. अण्णांनी अपराधी चेहऱ्यानं टीव्हीवरची चादर काढली. टीव्ही धडधाकट होता. पण मघाशी सोफ्यावर मला जे टोचलं होतं तो रिमोट होता, आणि माझ्या वजनानं व्हिडिओ थांबला होता. कुठं? अकराव्या मिनिटाला! पडदाभर मल्लू. तोंडात अर्धं केळं. आणि डोक्यावर नऊ विमानं, पालथी.

अण्णांनी बोटानं विमानं मोजली. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून.

“सर,” ते म्हणाले, “इमानं नऊ वर. मल्लू खाली. मग मधला चालवतोय कोन?”

मी शैलाकडे पाहिलं. ती पंख्याकडे बघत होती. अव्वांनी गॉगल काढला आणि पुढं होऊन मल्लूच्या गालावरून बोट फिरवलं. माझ्या तोंडातून एकदाचं खरं बाहेर पडलं. “अव्वा, तो चालवत नाही. तो विमानाची देखभाल करतो. जमिनीवरच असतो. मी त्या दिवशी पंगतीत... जरा वाढवून सांगितलं.”

अव्वा टीव्हीकडे बघतच म्हणाल्या, “जमिनीवर असतोय?”

“हो.”

“रोज?”

“रोज.”

“पाय टेकल्यात त्येचे?”

“टेकलेत, अव्वा.”

त्या मटकन खुर्चीत बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते मिरचीचं नव्हतं. मग कळलं, अक्कलकोटला महिनाभर त्यांनी सोमवारी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. आकाशात कुठलंही विमान वाजलं की अंगणात येऊन त्या वर बघून ओरडत होत्या, “सरळ चालव रे माज्या राजा!” (गल्लीतल्या पोरांना आता तो आरडाओरडा पाठ झालाय म्हणे.)

“केळं खातोय बघ,” त्या शैलाला म्हणाल्या. “नोड नोड, बघ की, कसा गुटगुटीत झालाय!” मग माझ्याकडं वळल्या. “आनि जावईबापू, पोरगं जर सरळ हुबं हाय, तर महिनाभर मला कशाला उलटं टांगलंसा?”

मल्लूचा तो थांबलेला फोटो त्यांनी तासभर बघितला. नऊ विमानांकडं एकदाही पाहिलं नाही.

संध्याकाळी मी त्यांना अक्कलकोटच्या बसमध्ये बसवून आलो. शैला काळा झालेला तवा घासत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “निघताना अव्वानं मला एक विचारलं.”

“काय?”

“कारखाना तरी खरंच ह्यांच्या डोक्यावर चालतोय का, म्हणून.”

“मग? तू काय सांगितलंस?”

“खरं ते सांगितलं. तर हात जोडून म्हणाली, बरं झालं बाई, बावीस वर्षं धरलेले गुरुवार आता सोडते.”

बावीस वर्षांचे गुरुवार! मी डोळे पुसले. (थोडी मिरची अजून होतीच.) मी म्हटलं, “माझ्यासाठी अव्वांनी बावीस वर्षं उपास केला?”

“तुमच्यासाठी कशाला करेल?” तव्यावर पाणी ओतत शैला म्हणाली. “तुमचं डोकं तिनं लग्नातच बघितलं होतं. उपास कारखान्यासाठी होता.”