डोंगर अंथरणारे आतोबा

आमच्या आतोबांनी, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांनी, आयुष्यभरात एकही चित्र विकलं नाही, आणि त्याचं श्रेय त्यांनी गिऱ्हाइकांना कधी दिलं नाही. विकायचं नाही म्हणून विकत नाही, असं ते सांगत. घ्यायला कुणी आलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. उरणजवळच्या खाडीकाठच्या एका शाळेत ते चित्रकलेचे मास्तर होते आणि सारी सृष्टी वही तपासून घ्यायला आपल्यापुढे उभी आहे अशा नजरेनं जगाकडे बघत. ताटात आमटी पडली की आधी तिचा रंग बघायचा, हळद जरा पुढं आलीय म्हणायचं आणि मग भुरका मारायचा. कोळणीच्या पाटीतलं ताजं पापलेट त्यांनी एकदा करडा कमी पडला म्हणून नापास केलं. त्या दिवशी आत्यानं वांगं शिजवलं. घरासमोरच्या द्रोणागिरी डोंगराची उजवी बाजू त्यांना मुळीच मान्य नव्हती. प्रत्येक चित्रात ते ती सुधारून काढत. मी तेव्हा मुंबईत नुकताच कारकून झालो होतो आणि कलेची आवड आहे असं सांगून दर रविवारी लाँचनं आत्याकडे जेवायला येत असे.

महाराष्ट्र राज्य व्हायच्या वर्ष-दोन वर्षं आधीची ही गोष्ट. गावात बाळंतपणाची खोली बांधायला काढली होती. तोवर अडलेल्या बाईला होडीत घालून मुंबई गाठावी लागे, आणि कधी कधी भरतीची वाट बघण्यातच सगळं संपे. आत्याचं पहिलं मूल त्याच पाण्यावर गेलं होतं. घरात तो विषय निघत नसे. खोलीच्या भिंती उभ्या राहिल्या; कौलं आणि खाटा अडल्या. नर्सबाई वर्गणीला आल्या तेव्हा आतोबा आत गेले आणि आपलं सर्वांत मोठं चित्र घेऊन बाहेर आले: वर डोंगर, खाली खाडी, खाडीत होडी. देणगी म्हणून चित्रच मिळतंय अशा समजुतीनं बाईंचा चेहरा पडला.

पण आतोबांचा बेत निराळा होता. "चित्र भिंतीवर टांगणं म्हणजे पाहुण्याला खुंटीवर टांगणं," ते म्हणाले. "ते अंगाखाली, अंगावर यायला हवं." त्या चित्राच्या चादरी छापून विकायच्या ठरल्या. होड्या बांधणाऱ्या सुतारानं डोंगर, पाणी आणि होडी असे तीन लाकडी ठसे कोरून दिले. कोरताना त्यानं होडीचं सुकाणू न विचारता दुरुस्त केलं. आतोबा त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत, पण ठसा तोच वापरला. एका व्यापाऱ्यानं मांजरपाट दिला आणि ओटीवर छपाई सुरू झाली. डोंगर उशाशी आला तर उशीखाली झाकला जाईल, म्हणून आतोबांनी तो पायांकडच्या बाजूला घेतला. पडल्या पडल्या माणसाला समोर दिसावा.

शाळेच्या पटांगणात चादरी मांडल्या. गाव लोटलं, बघून गेलं, हात कुणी लावला नाही. विक्रीचं काम माझ्याकडे होतं. धुतली तरी विटणार नाही, असं मी घसा बसेपर्यंत सांगितलं. ते खरं की खोटं, मलाही ठाऊक नव्हतं. दुपारपर्यंत एकच चादर खपली, तीही मी माझ्या आईसाठी घेतलेली. नर्सबाई कौलांविना उभ्या असलेल्या भिंतींकडे बघत बसल्या होत्या. शेवटी ती पापलेटवाली म्हातारी कोळीण पुढे आली.

"मास्तर, डोंगर झ्याक काढलाय. पन देवी हाय ना त्याव. पाय कसं ठेवायचं?"

झोपल्यावर समोर दिसावा म्हणून तो तिथं घेतलाय, असं आतोबांनी समजावलं.

"दिसतो ना. पन पाय पोचतात."

उजव्या बाजूच्या काळजीत उभं आयुष्य घालवलेल्या माणसाला डोंगरावर देवी आहे हे आठवलंच नव्हतं. ते वळून खऱ्या डोंगराकडे बघू लागले. म्हातारीनं मात्र एक चादर उचलली. देवांच्या मागं लावीन म्हणाली. तिचं बघून दुसरीनं घेतली, मग तिसरीनं, आणि संध्याकाळपर्यंत पटांगण रिकामं झालं. चादरी घरोघरच्या भिंतींवर गेल्या, डोंगराला हळदकुंकू लागलं. आयुष्यात प्रथमच आतोबांची चित्रं भिंतींवर चढली होती, आणि ती उतरवून अंथरा म्हणून सांगत ते दारोदार हिंडत होते. लोक त्यांना चहा पाजत आणि परत पाठवत.

छपरावर कौलं चढली, खाटा आल्या. खाटांसाठी आतोबांनी उरलेल्या मांजरपाटावर नव्या चादरी छापल्या आणि स्वतः अंथरायला आले. मीही होतो, कारण रविवार होता. चादरींवर नुसतं पाणी होतं, या काठापासून त्या काठापर्यंत. डोंगर का नाही ते मला कळलं. पण होडीही नव्हती, आणि नको ते विचारायची माझी सवय जुनी.

आतोबा कोपरा खोचत होते. मान वर न करता म्हणाले, "इथल्या बाईला आता होडीनं कुठं जायचं नाहीये."

आत्या पलीकडच्या खाटेशी उभी होती. चादरीवरची एक घडी ती हातानं मोडत होती. घडी केव्हाच गेली होती, तरी तिचा हात त्या पाण्यावरून फिरतच राहिला.