पायघड्यांबाहेरचे पाय

कुणाच्या पायाला फोड आला आणि घरातलं कुणी सुई शोधायला उठलं, की माझं डोकं फिरतं. घर माझं असो की शेजाऱ्याचं, मी सरळ हातातली सुई हिसकावून घेते. लोक म्हणतात, एवढ्याशा फोडासाठी ही बाई एवढी काहून भडकते? एवढासा! सुरुवातीला तो एवढासाच असतो. म्हणून तर सांगते आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. ताईचं लग्न मे महिन्यात, ऐन नवतप्यात ठरलं. आमच्या नागपुरात ते उन्हाळ्याचे सगळ्यात वाईट दिवस. कुत्रीसुद्धा नालीतून बाहेर येत नाहीत, आणि आम्ही शहाणी माणसं भर बाराच्या उन्हात लग्नं लावतो. मुहूर्त पारशिवनीच्या सोयऱ्यांनी, म्हणजे मुलाकडच्यांनी काढलेला. बाबा मिलमध्ये कामाला होते, तिथे मुकादमाशी भांडायला मागेपुढे पाहायचे नाहीत. इथे मात्र त्यांनी हात जोडून, हळूच विचारलं, जरा सकाळचा नाही का निघत? तर तिकडून उत्तर आलं, “आमी काय रात्री निघाव का?” झालं. बाबांनी तोच मुहूर्त धरला.

मायला साखरेची बिमारी होती. गोळ्या चालू होत्या, पण खरी कुरकुर पायांची. तळवे बधिर झाले होते. चालता चालता एका पायातली चप्पल निसटून मागे राहायची आणि हिला बरंच पुढे गेल्यावर कळायचं. आम्ही पोरं खिदळायचो, तीही आमच्यासोबत हसायची. खडा टोचला तर कळत नाही, चटका बसला तर कळत नाही. यात हसण्यासारखं काही नाही, हे आम्हाला सांगणारं घरात कुणी नव्हतं.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाचा जानोसा, म्हणजे उतरायची जागा, आमच्या गल्लीच्या टोकाच्या शाळेत होता. तिथून मांडवापर्यंत नुकताच डांबर टाकलेला रस्ता. या रस्त्यावरून नवऱ्या मुलाच्या आईला, म्हणजे वरमायला, पायघड्यांवरून आणायचं. तिच्यापुढे धुतलेली लुगडी अंथरत जायची, ती पुढे सरकली की मागचं लुगडं उचलून पुन्हा पुढे टाकायचं. तिचा पाय म्हणून जमिनीला लागता कामा नये. हे काम आमच्या वरठ्याचं, तोच आमचे कपडे धुवायचा. पण त्याला आदल्या दिवशी लू लागलेली, घरी ओली फडकी डोक्यावर घेऊन पडला होता. त्याची बायको एकटीच आली. एकटीनं मागचं उचलून पुढे टाकायचं म्हटलं की वेळ लागणारच.

माय जानोशात गेली. विहीणबाईंचे पाय धुतले, कुंकू लावलं, ओटी भरली आणि अनवाणीच बाहेर आली. तिच्या चपला दाराशी होत्या. मी त्या उचलून तिच्या पायांशी ठेवल्या. तेवढ्यात माझी आत्या माझ्या अंगावर आली.

“अवं भैताड, विहिणीच्या पुढं चपला घालून चालन का तुही माय? लोक काय म्हणतीन?”

“रस्ता तापला आहे आत्या. हात लावून पाह्य एकदा!”

“एक दिवसानं काय होते?”

माय म्हणाली, “राहू दे वं. मले काही पोळत नाही.”

पोळत नाही! अगं, पोळत नव्हतं हीच तर बिमारी होती! तिला कळलं असतं तर तिनं पाय उचलले असते. सावलीत गेली असती. निदान तोंडातून ‘हाय’ तरी निघालं असतं. पण ती हसतमुखानं लुगड्याचं दुसरं टोक धरून उभी राहिली. वरठीण एका बाजूला, माय दुसऱ्या बाजूला. वरठिणीनं टायरच्या चपला पायात ठेवल्या होत्या. तिला कुणी काही बोललं नाही. मानाचा प्रश्न फक्त नवरीच्या आईच्या पायांचा होता.

अर्ध्या रस्त्यावर विहीणबाई थांबल्या. काय झालं, तर त्यांच्या जाऊबाई मागे राहिल्या, त्यांनाही पायघड्यांवर घ्या. मग जाऊबाईंना बोलवायला माणूस गेला. जाऊबाई केस विंचरत होत्या. वरून छत्री धरलेली, खाली लुगडं, मध्ये विहीणबाई उभ्या, आणि बँडवाले तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजवून राहिले. पुन्हा निघाल्या, तर दोन लुगड्यांच्या मध्ये वीतभर डांबर दिसलं म्हणून पाय उचलेनात. “खाली रस्ता दिसून राहिला नं इहीनबाई,” असं हसत हसत म्हणाल्या. माय वाकली, लुगडं ओढून घेतलं, सारखं केलं. एवढा सगळा वेळ ती त्या वितळत्या डांबरावर उभी होती. मी तिच्या चपला छातीशी धरून बाजूनं चालत होते. ‘घाल ना’ म्हणून दोनदा पुढे केल्या. तिनं डोळ्यांनीच मला दटावलं.

मांडवात बायकांनी तिचं कोण कौतुक केलं! म्हणे, किती सोशिक आहे बाई, चेहऱ्यावर आठी नाही. तळपायाची आग मस्तकाला जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. त्या बायकांपैकी एकीनंही खाली वाकून तिचे पाय पाहिले नाहीत.

ते मी पाहिले संध्याकाळी, ताईची पाठवणी झाल्यावर. माय भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. दोन्ही तळव्यांवर फोड होते. उजव्या पायाचा, अंगठ्याखालचा, तव्यावर पोळी फुगावी तसा फुगला होता. मी किंचाळले. घरातल्या सगळ्या बायका जमल्या आणि प्रत्येकीकडे औषध. एक म्हणाली चुना लावा, दुसरी म्हणाली तूप चोपडा, कुणी दौत घेऊन आलं आणि निळी शाई ओतायला निघालं. आत्या म्हणाली, आधी पाणी काढून टाका, त्याच्याशिवाय फोड बसायचा नाही. तिनं पदराची सेफ्टी पिन काढली, लुगड्याला पुसली, झालं तिचं निर्जंतुक! टचकन फोड फोडला, वरची कातडी ओढून काढली, आणि आतल्या लालबुंद मांसावर हळद दाबून भरली. माय बसून पाहत होती. तिला तेही दुखलं नाही. “पाहा, कशी बसली आहे, हूं का चूं नाही,” आत्या म्हणाली.

डाव्या पायाला आत्याचा हात पोचायच्या आत पाहुण्यांचा चहा आला, म्हणून डाव्याचे फोड तसेच राहिले. ते आपोआप आत जिरले, कातडी वाळून गळून पडली, खाली नवी आली. उजवा पाय सडला. दोन्ही पाय एकाच बाईचे, एकाच रस्त्यावर पोळलेले. यापेक्षा आणखी काय पुरावा पाहिजे होता कुणाला?

पण पाहुणे जायचे होते, ताईला पहिल्यांदा माहेरी आणायचं होतं. तोवर माय त्या पायावर फडकं बांधून कामं करत राहिली. मी रोज म्हणायचे, दवाखान्यात चला. रोज उत्तर यायचं, जखम बसते आहे, सुकते आहे. मग ताप चढला आणि खोलीत वास येऊ लागला. अंगठा काळा पडला होता. बाबांनी तिला रिक्षात घातलं आणि मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि ते आमच्यावरच ओरडले.

“फोड कुणी फोडला? अहो, ती वरची कातडी म्हणजे देवानं दिलेली पट्टी असते. पोळल्याबरोबर थंड पाणी ओतायचं, स्वच्छ कोरडं फडकं सैल बांधायचं आणि हात लावायचा नाही. यांना तर साखर आहे, यांना त्याच दिवशी आणायला पाहिजे होतं. आणि ही हळद कुणी भरली?”

 आत्या पदर तोंडाला लावून दारात उभी होती. मला वाटलं, तिच्याकडे बोट दाखवावं आणि ओरडून सांगावं. पण डॉक्टर कात्री घेऊन वळले आणि आम्हाला बाहेर काढलं. मायचा अंगठा आणि त्याच्या बाजूचं बोट, दोन्ही कापावी लागली.

विहीणबाई भेटायला आल्या, बिस्किटांचा पुडा घेऊन. खाटेजवळ बसल्या आणि म्हणाल्या, “आमी काय चपला काढाले सांगतलं होतं का? कायले येवढं करा लागते?” मी तो पुडा उचलला आणि खिडकीतून फेकून दिला. बाबांनी मला सगळ्यांसमोर थोबाडीत मारली. आयुष्यात त्यांनी मारलेली ती एकच, आणि ती खाऊनही मला अजून वाटतं की पुडा फेकला ते बरंच केलं.

पुढे माझं लग्न झालं. पायघड्या होणार असतील तर मी बोहल्यावर चढणार नाही, असं मी होणाऱ्या नवऱ्याला आधीच सांगितलं होतं. तो घाबरला, पण त्यानं आपल्या आईला पटवलं. मायनं त्यावर काही म्हटलं नाही. मला वाटलं, बरं वाटलं असेल तिला.

मग आलं दादाचं लग्न. मुलगी नागपूरबाहेरच्या वाडीची, लग्न वाडीलाच. आणि दिवस? मे महिना! आमच्या लोकांना पंचांगात दुसरे महिने दिसतच नाहीत. जानोसा एका रिकाम्या गोडाऊनमध्ये, मांडव पुढच्या वस्तीत, मध्ये ट्रकांनी चेंदून काढलेला काळाभोर रस्ता. मी निश्चिंत होते. या वेळी वरमाय माझी माय होती, दोन बोटं गमावलेली माय. पायघड्यांचं नाव काढणाऱ्याला ती हाकलून देईल, अशी माझी खात्री होती.

मुलीची आई बोलवायला आली. साधी, बारकीशी बाई, अनवाणी. मायचे पाय धुवायला वाकली आणि बुजली. मायच्या पायात कॅनव्हासचे बूट होते, डॉक्टरांनी सांगितलेले, ती ते घरातसुद्धा काढत नसे. त्या बाईनं बिचारीनं बुटांवरच पाणी शिंपडलं. मी म्हणाले, “चल माय, निघू.”

माय हलली नाही. “पायघड्या कुठी हायेत?”

मला वाटलं, थट्टा करते आहे. “कायच्या पायघड्या वं?”

“माह्या. मी वरमाय हावो.”

“माय, तुला बूट आहेत पायात! तुला कशाला पाहिजेत? त्या बाईचे पाय पाह्य, रस्ता पाह्य!”

“मी का पाहू? माह्ये पाह्यले का कोणी?” तिचा आवाज चढला. गोडाऊनमधली सगळी माणसं आमच्याकडे पाहू लागली. “ताईच्या लग्नात मी बोटं देली. तुह्या लग्नात तूनं काहीच होऊ देलं नाही. आता माह्या पोराचं लगन हाये. माहा मान मले नोको का?”

मी तिच्याशी भांडले. वाट्टेल ते बोलले. तुला लाज कशी वाटत नाही, असंही बोलले, आणि ते मी परत घेणार नाही. ती जागची उठली नाही. शेवटी लुगडी आली. आणि निघाली वरात: पुढे बँड, मग वाकून लुगडी ओढणारी ती बारकी बाई, अनवाणी, आणि तिच्यामागे पायघड्यांवरून, कॅनव्हासचे बूट घालून, ताठ मानेनं चालणारी माझी माय. मी माझ्या चपला काढून त्या बाईच्या पुढे ठेवल्या. तिनं मायकडे पाहिलं. माय समोर पाहत होती. “नोको बाई,” ती हळूच म्हणाली, आणि माझ्या चपलांना वळसा घालून पुढे गेली.

मांडवात पोचल्याबरोबर मी त्या बाईला हाताला धरून मागच्या बाजूला नेलं, खुर्चीवर बसवलं, रांजणातलं पाणी बादलीत ओतून तिचे पाय त्यात बुडवले. ती सारखी म्हणत होती, सोडा नं, लोक पाहून राहिले. पाहू देत! तिला पोळत होतं, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मला त्याचाच आधार वाटला. थोड्या वेळानं पाय बाहेर काढले, तर टाचेवर टरारून फोड आलेला. तिची जाऊ धावत आली, तिनं पदराची पिन काढली. मी तिचा हात धरणार, तेवढ्यात मागून ओरडा आला.

“फोडू नोको! फोडू नोको तो!”

सगळा मांडव वळून पाहू लागला. माय बायकांना ढकलत, बूट फरफटवत आली, मातीत फतकल मारून बसली आणि त्या बाईचा ओला पाय तिनं आपल्या नव्या लुगड्यावर मांडीत घेतला. “हात लावू नोका कोणी. हळद नाही, चुना नाही, काही नाही. सुकं फडकं आणा. पोरी, पाणी बदल.” तिनं ते फडकं इतक्या हळुवारपणे बांधलं, की मला आणखीच संताप आला.

मी बादली खाली आपटली. “मग रस्त्यात काहून नाही बोलली वं? रस्त्यात कुठी गेलं होतं हे सारं?”

तिनं गाठ मारली. वर पाहिलं नाही.

“रस्त्यात मी वरमाय होती,” ती म्हणाली.