जिभेखालची गोळी

काकूंनी रिकामी स्ट्रिप काउंटरवर ठेवली. "ही दे रं लवकर. ह्यांच्या छातीत दुखतंय."

ती नायट्रेटची गोळी होती. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवतात ती. काकूंचे यजमान आण्णा म्हणजे रिटायर्ड सुभेदार. त्यांची औषधं मिलिटरीच्या दवाखान्यातून यायची. त्यामुळे त्यांना हृदयाचा त्रास आहे, हे पाटणमध्ये पंधरा वर्षं मेडिकल चालवूनही मला ठाऊक नव्हतं.

आणि आदल्याच दिवशी मी त्यांना वेगळी गोळी दिली होती. दुकान रिकामं होईपर्यंत ते बाहेर उभे राहिले, मग सांगलीच्या डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन पुढे केलं. गावात कळू नये म्हणून सांगली गाठलेली. पुरुषाला ताठरता येत नसेल तर देतात ती गोळी. ती देताना हृदयाचं औषध चालू आहे का, हे विचारायचंच असतं. तिच्यावर नायट्रेट घेतलं तर बीपी एकदम कोसळतं, जीवही जाऊ शकतो. पण ज्यांनी मला सायकल शिकवली, त्यांना हे कसं विचारायचं? मी मान खाली घालून स्ट्रिप कागदात गुंडाळून दिली. त्याला मी अदब समजत होतो.

आता काउंटरवर चार गिऱ्हाइकं होती. काकूंना कालच्या गोळीचं माहीत नसलं तर? मी चक्क ड्रॉवर उघडून गोळी शोधायचं नाटक केलं. ते अर्धं मिनिट आठवलं की आजही मला माझीच शरम वाटते.

शेवटी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं.

"काल रातीला घेतलीया त्यांनी," त्या शांतपणे म्हणाल्या. "मला ठावं हाय. ही द्यायची न्हाई ना? मग चल दवाखान्यात."

आण्णांना घेऊन दवाखान्यात पोचताच मी डॉक्टरांना दोन्ही गोळ्यांची नावं सांगितली. त्यांनी नायट्रेट टाळून दुसरे उपचार केले. आण्णा वाचले.

आठवड्याने मी त्यांच्या घरी माफी मागायला गेलो. आण्णांनी मला समोर बसवलं.

"फौजेत मेडिकलला समद्यांम्होरं कापडं काडून हुबा ऱ्हायलोय मी," ते म्हणाले. "सांगलीच्या डाक्टरनं काळजाच्या औषधाचं इचारलं, त्याला खोटं सांगितलं. परका माणूस. तू इचारलं आसतंस तर खरं सांगितलं आसतं."

आता मी प्रत्येकाला विचारतो. गिऱ्हाईक लाजतं, मीही लाजतो. उत्तर मिळेपर्यंत गोळी माझ्याच हातात असते.