सुलूच्या अंगणातली सावली

सुलूला फोन लावला तेव्हा आमच्याकडे नुकतं उजाडलं होतं, तिच्याकडे दुपार होत आली होती. ती ऑस्ट्रेलियाच्याही खाली, टास्मानिया बेटावर नोकरी करते. तिचे वडील, माझा थोरला भाऊ, झोपेतच गेले हे मला तिला सांगायचं होतं. ती म्हणाली, "आत्या, आबा घाबरले नव्हते ना?" दादा कित्येक वर्षं घाबरलेलाच होता. फक्त ते तोंडातून निघायला फार वेळ लागला.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या अगदी पोटाशी. एका पावसाळ्यात वहिनी माहेरी, पलीकडच्या वाडीत गेली आणि त्या वाडीवर डोंगर आला. वहिनीला दादानं लुगड्याच्या काठावरून ओळखलं. तो रडला नाही. दिवस घालून झाल्यावर मोबाइल घेऊन बसायला लागला. पृथ्वी परातीसारखी सपाट आहे, ती जागची हलत नाही, असं सांगणारे व्हिडिओ एकामागून एक. "धरती हलत नाय गो शोभा, शिकलेले आपल्याला फसवतात," म्हणायचा. मी आधी हसले. पण पुढच्या वर्षी आमच्या घरामागच्या उताराला भेग पडली, वाडी रिकामी करायला सांगितलं गेलं, शेजारी नातेवाइकांकडे गेले, आणि दादा तिथेच बसून राहिला. "जमीन थीर हाय. मी कशाला हलू?" तेव्हा माझं हसू गेलं. पाऊस लागला की मी महाडला माझ्या घरी खिडकीशी फोन धरून बसायची. तो वाजू नये म्हणून देवाचं नाव घ्यायची.

डिसेंबरात मी वाडीवर गेले होते. सुलू फोनवर म्हणाली, "आबा, माझ्याकडे सावली कुठे पडते ते तुमच्याच नकाशावर तपासू या. खोटं निघालं तर आत्याकडे जायचं." दादा शब्दाचा पक्का. त्यानं अंगणात कोळशानं व्हिडिओतली पृथ्वी काढली. मध्ये उत्तर, कडेला दक्षिण, डिसेंबरातल्या सूर्याचं वर्तुळ, आणि त्या वर्तुळाच्याही बाहेर सुलूचं बेट. बेटाच्या जागी काडी रोवली आणि बॅटरी पेटवून वर्तुळावरून फिरवली. बॅटरी कुठेही नेली तरी काडीची सावली कडेकडेच, म्हणजे दक्षिणेकडेच पडे. "अशीच पडणार. दुसरीकडं जाणारच नाय," तो म्हणाला.

सुलूनंही तिच्या अंगणात काठी रोवली होती. भर दुपारी तिची सावली दक्षिणेकडे पडली. दादानं समाधानानं मान डोलावली. मग आमच्याकडे दुपार कलली तेव्हा तिचा पुन्हा फोन आला. तिकडे रात्रीचे जवळजवळ नऊ वाजत आले होते आणि ऊन अजून होतं. मावळता सूर्य दक्षिणेच्या बाजूला कलला होता आणि काठीची लांब सावली उत्तरेकडे वळली होती.

दादानं पुन्हा बॅटरी फिरवली. पुन्हा फिरवली. काडीची सावली काही मध्याकडे, उत्तरेकडे वळेना. "मंग... जमीन थीर हाय, हे पण या व्हिडिओवाल्यांनीच सांगितलेलं ना गो?" त्यानं मागच्या उताराकडे पाहिलं. मी त्याला कधी असं पाहताना पाहिलं नव्हतं. आपण जिंकलो असं मला वाटलं नाही. त्याच्या पायाखालचं काहीतरी मीच काढून घेतल्यासारखं झालं. त्याच संध्याकाळी तो माझ्याबरोबर महाडला आला.

तो उतार अजून खाली आलेला नाही. भेग आहे तशी आहे. वाडीत परतलेले लोक त्याला हसायचे. "हसू दे. मला भ्या वाटतं, तेवढं खरं हाय," तो म्हणायचा.

महाडला आमच्या मागच्या खोलीत तो राहायचा. पाऊस जोरात लागला की दाराशी खुर्ची ओढून बसे, कान देऊन. "शोभा, आवाज आला का गो?" "नाही दादा, पाऊसच आहे." एवढं ऐकलं की थोडा वेळ शांत असे, मग पुन्हा विचारी. परवा अशीच मोठी सर आली. हातातलं काम टाकून मी मागच्या खोलीपाशी गेले. खुर्ची रिकामी होती. कुणी विचारलं नव्हतं, तरी मी म्हणाले, "नाही दादा, पाऊसच आहे..." आणि मग मीच कान देऊन उभी राहिले.