वन्संचं नाक आणि चहाचा डबा

मंगळवार, १२ मार्च. सकाळी पाण्याची टाकी धुतली. दातांचे डॉक्टर गाडी घेऊन आले. तिच्या धुराने वाळत घातलेल्या चादरी काळ्या झाल्या, पुन्हा भिजवल्या. वन्सं दुपारी जेवल्या नाहीत.

वन्सं म्हणजे माझी नणंद. आमच्या घराच्या तळमजल्यावर त्यांचं गॅरेज आहे. हे गेल्यापासून वर मी एकटी आणि खाली त्या, इंजिनांच्या सोबतीत. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर सांगतात, "मी गॅरंटी नसलेलं काम घेत नाही." टर्बोच्या, म्हणजे इंजिनात दाबाने हवा कोंबणाऱ्या, गाड्या ट्यून करून घ्यायला लोक लांबून येतात ते त्यांच्या नाकासाठी. गाडी फाटकातून आत वळतानाच त्या सांगायच्या, पेट्रोल जास्त जातंय की कमी. "नाक गेलं की गॅरेजला कुलूप," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

गेल्या हिवाळ्यातल्या तापात ते नाक गेलं. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मला कळलं ते दूध करपलं तेव्हा. वन्सं शेगडीशेजारीच पेपर वाचत बसल्या होत्या. मी पातेलं घासायला टाकलं आणि विषय काढला नाही.

डॉक्टरांची गाडी जोर दिला की काळा धूर ओकायची. पेट्रोल फार, हवा थोडी. वन्संनी प्लग काढले, ते काजळीने माखलेले. इंजेक्टर गळत नव्हते, पेट्रोलचा दाब बरोबर होता. एक सेन्सर बदलून पाहिला. धूर तसाच.

"लॅपटॉपवर पेट्रोल कमी करून टाका की," डॉक्टर म्हणाले. "दुसरीकडे चुटकीसरशी करून देतात."

"दाढ दुखते म्हणून आलेल्याला तुम्ही चावू नका सांगून घरी पाठवता का?"

"रविवारी शर्यत आहे हो. संध्याकाळपर्यंत झालं नाही तर मी तिकडे नेतो."

"न्या. आज बिघाड झाकला जाईल. पुढे कोणी तो दुरुस्त केला की पेट्रोल कमी पडेल आणि पिस्टन वितळतील. त्यांना भूल देऊन उपयोग नसतो."

डॉक्टर बाकावर बसून राहिले. वन्सं वर आल्या, ताट बाजूला सारलं.

"वहिनी, मला वास येत नाही."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"दूध करपलं तेव्हापासून."

"बोलला नाहीत!"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

त्या म्हणाल्या, "आज कुलूप लावावं म्हणते."

"ज्यांना असं नाक नसतं ते काय करतात?"

"हवेच्या पाइपाचं तोंड बंद करून आत हवा भरतात. वरून साबणाचं पाणी मारतात, बुडबुडे कुठे येतात बघतात. नवशिक्यांचं काम. माझ्याकडे त्याचं झाकणसुद्धा नाही."

"मग आजच्या दिवस व्हा नवशिक्या."

त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. मग फळीकडे. स्टीलचा चहाचा डबा उचलला, पावडर माझ्या ताटात ओतली आणि खाली गेल्या. डब्याच्या बुडाला भोक पाडून टायरचा व्हॉल्व्ह बसवला. डबा टर्बोच्या तोंडावरच्या रबरी पाइपात असा फिट्ट बसला, जणू त्यासाठीच घेतला होता.

हवा भरली, भांडी घासायच्या साबणाचं पाणी शिंपडलं. इंजिनाच्या खालच्या अंगाला, पाइपाच्या क्लिपखाली, बुडबुड्यांचा घोस फुगला. रबराला चीर होती, दाब आला की तोंड उघडणारी. पुढच्या दारात पाहुणे मोजून स्वयंपाक केला आणि निम्मे मागच्या दाराने निघून गेले, असा तो प्रकार. हवा मोजली जात होती टर्बोच्या आधी, पळत होती नंतर. पेट्रोल बिचारं मोजणीप्रमाणे येत होतं.

पाइप बदलला. डॉक्टर गाडी दामटून परत आले. धूर नव्हता. वन्संनी जिन्याखालून हाक मारली.

"वहिनी, खाली या. गाडीच्या मागे उभ्या राहून वास घ्या."

मी घेतला. "साबणाचा येतोय."

"पेट्रोलचा?"

"नाही."

डॉक्टर बघतच राहिले. "तुमच्या नाकाला काय झालं?"

"गेलं," वन्सं म्हणाल्या आणि माझ्याकडे बोट केलं. "हे नवीन बसवलंय."

मग हात धुऊन त्या वर आल्या आणि गार झालेलं सगळं जेवल्या. "वहिनी, उद्या नऊला उघडते. डबा परत मिळणार नाही."

संध्याकाळी वहीत लिहिलं: चहाचा डबा गॅरेजात गेला. पावडर तूर्त साखरेच्या बरणीमागे, कागदी पिशवीत.