होडीखालचा गाडा

सुमतीबाई धैर्यवान यांच्या संसारात त्या काळी दोन प्रश्नांचा निकाल लागत नव्हता. एक संयुक्त महाराष्ट्राचा आणि दुसरा, त्यांच्या यजमानांच्या होडीखाली कुठल्या जातीचा गाडा घालायचा, याचा. पहिल्यासाठी निदान अख्खं गिरगाव रस्त्यावर उतरलं होतं. दुसऱ्याशी त्या एकट्याच झुंजत होत्या.

सुमतीबाई मुलींच्या शाळेत भूमिती शिकवत. वर्गात त्यांचा धाक असा, की त्यांच्या तासाला फळ्यावरच्या रेषासुद्धा सरळ यायच्या. चौपाटीवर समितीची सभा असली की वह्यांचा गठ्ठा बाजूला सारून त्या जायच्याच. चिडायची वेळ आली तर मनातलं बोलून मोकळ्या व्हायच्या. त्यांचे यजमान कमलाकांत याच्या अगदी उलट. एका गोऱ्या कंपनीत ते नकाशे काढायच्या कामावर होते. हात सोन्याचा, पण निर्णय म्हटला की माणसाला घाम फुटे. घरात पंखा घ्यायचा ठरलं तेव्हा तीन पात्यांचा की चार पात्यांचा, या विचारात दोन उन्हाळे गेले होते आणि सगळं घर विंझणे हलवत बसलं होतं.

अशा माणसानं होडीला मात्र एका दमात होकार दिला, हेच सुमतीबाईंना पचत नव्हतं. कंपनीतला साहेब कायमचा विलायतेला निघाला. त्याची हौसेची एक लहान शिडाची होडी होती. तो जाता जाता म्हणाला, "कमलाकांत, तुला हवी का?" आणि हे म्हणाले, "हवी." घरी विचारणं नाही, सांगणं नाही. हमालांनी ती डोक्यावरून आणली, वाडीच्या दरवाजातून तिरकी करून आत घेतली आणि चौकात, नळापासून चार पावलांवर, दोन बाकांवर उपडी टाकून ते निघून गेले.

"महिनाभराचा प्रश्न आहे," कमलाकांत म्हणाले. "ट्रेलर, म्हणजे हिच्याखाली घालायचा गाडा, झाला की दर रविवारी आपण आणि समुद्र."

वर्ष उलटून गेलं. मुंबई द्विभाषिक राज्यात गेली, निवडणुका झाल्या, समितीचे उमेदवार निवडून आले, वाडीत पेढे वाटले गेले. होडी जागची हलली नाही.

वाडीतल्या बायकांना तिला वळसा घालून पाण्याला जावं लागे. समोरच्या बिऱ्हाडातल्या यशोदाकाकूंनी पहिल्यांदा कुरकुर केली, मग तिच्या पाठीवर सांडगे वाळत घालायला सुरुवात केली. कमलाकांतांनी रंग खराब होईल म्हणून हरकत घेतली, तेव्हा काकू कठड्यावरून सुमतीबाईंनाच म्हणाल्या, "सुमती, तुझ्या नवऱ्याला सांग, रंग समुद्रात खराब होतो. हिला कुठला समुद्र?"

सुमतीबाई मनातून काकूंच्याच बाजूच्या होत्या.

कमलाकांत काही हातावर हात धरून बसले नव्हते. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरून ते ट्रेलर काढत. एका चाकाचा, दोन चाकांचा, चार चाकांचा. स्प्रिंगवाला आणि बिनस्प्रिंगचा. वर होडीच्या कण्यासाठी लाकडी रूळ असावेत की गादीच्या पट्ट्या? चाकं मोटारीची असावीत की टांग्याची? मोटारीच्या चाकातली बेअरिंगं खाऱ्या पाण्यानं गंजतात, टांग्याचं चाक वाळूत रुततं. हे सगळं ते वरणभात खाता खाता सांगत, आणि शेवटी म्हणत, "दोन्हीकडून बोलता येतं, बघ."

"दिल्लीवाले बरे तुमच्यापेक्षा," सुमतीबाई एकदा भडकून म्हणाल्या. "चुकीचा का होईना, निर्णय तरी घेतात!"

हे त्यांना लागलं असावं. कारण पुढच्याच आठवड्यात ते मनमोहनभाऊजींना घेऊन बाजारात गेले आणि लष्कराच्या मोडीतला एक ट्रेलर घेऊन आले. मनमोहन हा त्यांचा चुलतभाऊ, आणि त्याच्याकडे जुनी हिल्मन मोटार होती. त्या मोटारीच्या भरवशावरच ही सगळी योजना उभी होती. ट्रेलर म्हणजे लोखंडी पेटारा होता, पूर्वी त्यातून दारूगोळा जात असेल. तो वाडीच्या तोंडाशी उभा केला, होडी उचलून त्यावर ठेवली आणि पुढचा दांडा हिल्मनला अडकवला. पेटारा आखूड, होडी लांब, त्यामुळे तिचं सगळं ओझं मागे गेलं. मनमोहननं गाडी सुरू केली मात्र, दांडा वर उठला आणि दांड्याबरोबर हिल्मनचा पार्श्वभागही. मागची चाकं हवेत गरगर फिरायला लागली आणि मनमोहन आतून ओरडायला लागला, "कमळ्या, गाडी पुढे का जात नाही?"

बघे इतके जमले की कोणाला वाटावं इथेही मोर्चाच आहे. पानवाल्यानं सांगितलं म्हणून दोघं जण हिल्मनच्या डिकीवर बसले, तेव्हा कुठे चाकं जमिनीला टेकली. होडी पुन्हा चौकात आली. सुमतीबाई गॅलरीतून हे सगळं बघत होत्या. खाली यायची त्यांना लाज वाटली आणि आत जायचा धीर झाला नाही.

मग लालबागच्या दौलतची पाळी आली. दौलतचा हातगाड्या आणि लॉरीच्या फळ्या बनवायचा कारखाना होता. कारखाना कसला, पत्र्याची शेड आणि दोन कारागीर. छप्पन सालच्या दसऱ्याला तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता, भिंतीवर बुद्धाची नवी तसबीर लावली होती आणि दारू कायमची सोडली होती. कमलाकांतांमुळे ती परत सुरू होते की काय, असं त्यानं पुढे सुमतीबाईंना हसत हसत सांगितलं. कारण कमलाकांत दर शनिवारी नवा नकाशा घेऊन येत. सांगाडा जोडला की म्हणत, थोडा लांब करू या. लांब केला की म्हणत, स्प्रिंग टाकू या. मधेच कधी हरताळ पडे, कधी लालबागच्या नाक्यावर लाठी चाले आणि शेड बंद राही. अखेर ट्रेलर पुरा झाला. दिसायला देखणा, निळा रंग, मोटारीची दोन मोठी चाकं. दौलतनं तो स्वतःच्या माणसांकडून ओढत गिरगावात पाठवला.

आणि तो वाडीच्या दरवाजातून आत जाईना.

चाकं दोन्ही बाजूंना बाहेर आलेली. इकडचं चाक आत घेतलं की तिकडचं खांबाला घासे. कमलाकांत खिशातली मोजपट्टी काढून दरवाजा मोजायला लागले. ते बघितल्यावर सुमतीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आत्ता मोजताय?" त्या जिना उतरून भर रस्त्यात आल्या. "वर्षभर कागद काळे केलेत, त्यात या दरवाजाचं माप नाही?"

"अगं, होडी बाहेर आणून त्यावर ठेवता येईल."

"आणि परत आल्यावर? दर रविवारी सहा हमाल बोलवायचे? ट्रेलर कुठे ठेवायचा, रस्त्यावर?"

कमलाकांतांनी मोजपट्टी गुंडाळून खिशात ठेवली. दौलतची माणसं दुसरीकडे बघायला लागली आणि मग ट्रेलर ओढत परत लालबागला गेली.

त्या संध्याकाळी सुमतीबाईंनी टेबलावरचे सगळे नकाशे गोळा केले, गुंडाळी करून कपाटावर टाकली आणि नवऱ्यासमोर बसल्या.

"मला एक सांगा. हा गाडा कुठे चालायचा आहे?"

"म्हणजे... मार्व्याला जाता येईल. कधी अलिबागच्या बाजूला. पुण्याकडे तलाव आहे."

"तुमच्याकडे मोटार आहे?"

"मनमोहनची आहे."

"मनमोहनभाऊजी त्या दिवसापासून आपल्या गल्लीतून मोटार आणत नाहीत. पाणी कुठे आहे आपल्याला सगळ्यांत जवळ?"

"चौपाटीला," कमलाकांत नाइलाजानं म्हणाले.

"मग इथून चौपाटी. रस्ता सपाट. त्यानंतर वाळू. मोटार नको, स्प्रिंग नको. दोघांना हातानं ओढता आला पाहिजे, दरवाजातून गेला पाहिजे, वाळूत रुतता कामा नये. आणखी काही?"

"दोन्हीकडून..." असं सुरू करून कमलाकांतांनी बायकोच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ते थांबले.

दुसऱ्या दिवशी सुमतीबाईंनी यशोदाकाकूंचं मुसळ मागून आणलं. होडी सुलटी करून तिच्या कण्याखाली मुसळ आडवं सरकवलं आणि वाडीतल्या चौघांना दोन्ही बाजूंनी हलका हात धरायला लावला. मुसळ पुढे-मागे सरकवता सरकवता एका जागी होडी तराजूसारखी तोलली. तिथे त्यांनी खडूनं रेघ मारली. चाकांचा कणा या रेघेच्या किंचित मागे, म्हणजे तोंडाकडे थोडा भार राहील आणि दांडा उसळणार नाही. कमलाकांत शेजारी उभे राहून मान डोलवत होते. हे त्यांनाही ठाऊक होतं, नकाशात काढलंही होतं. फक्त त्या नकाशाशेजारी आणखी अकरा नकाशे होते.

दौलतकडे त्या एकट्या गेल्या. चाकं होडीच्या बाहेर नकोत, पोटाखाली हवीत, हे त्यांनी त्याला सांगितलं. आणि अरुंद नकोत, वाळूवर पसरतील अशी फुगीर हवीत. दौलतनं डोकं खाजवलं आणि भंगारातून स्कूटरची लहान चाकं आणली. एकेका बाजूला दोन-दोन जोडून बसवली. वर होडीच्या पोटाच्या आकाराचे दोन लाकडी पाट आणि त्यांवर जुनं गोणपाट ठोकलं.

"बाई, पुढच्या शनिवारी काही बदल?" त्यानं भीत भीत विचारलं.

"काही नाही. रंगसुद्धा देऊ नका."

गाडा दरवाजातून आरामात आत आला. रविवारी दुपारी होडी त्यावर चढली, दोरानं बांधली, पुढे कमलाकांत, मागे सुमतीबाई, आणि वाडी बघायला बाहेर. सुमतीबाईंनी फक्त एक गोष्ट लक्षात घेतली नव्हती. त्या दिवशी चौपाटीवर सभा होती.

मोठ्या रस्त्याला लागतात तोच मागून मोर्चा आला. झेंडे, घोषणा, भजनी टाळ, सगळं एकदम. बाजूला व्हायला जागा नव्हती. क्षणात होडी मोर्चाच्या मधोमध, आणि लोकांना वाटलं ही मुद्दाम आणलेली. कोणीतरी डोलकाठीच्या भोकात झेंडा रोवला. कमलाकांत "अहो, अहो, हे खाजगी आहे" असं म्हणत होते, ते कोणाला ऐकू जाणार?

चौपाटीच्या तोंडाशी एका फौजदारानं हात आडवा केला. "मोर्चात वाहनाला परवानगी नाही."

"हे वाहन नाही, होडी आहे," सुमतीबाई म्हणाल्या.

"मग खाली चाकं कसली?"

"ती गाड्याची."

"आणि हा झेंडा?"

"तो लोकांचा. काढायचा असेल तर तुम्ही काढा, मी नाही काढणार."

फौजदारानं मागच्या गर्दीकडे बघितलं, घाम पुसला आणि हात खाली घेतला. वाळू लागली तेव्हा सुमतीबाईंनी खाली वाकून चाकांकडे बघितलं. पण फुगीर चाकं वाळूवरून निघाली. ओढणाऱ्यांची तर आता कमी नव्हतीच. "संयुक्त महाराष्ट्र," एक जण ओरडे, "झालाच पाहिजे," बाकीचे म्हणत, आणि त्या 'झालाच'ला सगळे मिळून जोर लावत. वाळकेश्वरकडच्या टोकाला कोळ्यांच्या होड्या लागत, तिथवर त्यांनी गाडा नेला आणि ते सभेला पळाले.

तिथे चंपा नावाची एक कोळीण जाळं उकलत बसली होती. ती हसत उठली. "बाय, मोर्चा घेऊन कुठं निगालीस गो?" तिनंच गाडा पाण्यात उतरवायला हात लावला. गाडा खाली गेला, होडी तरंगली.

कमलाकांत मोठ्या थाटात चढून बसले. पहिली लाट आली, दुसरी आली. तिसऱ्या लाटेला त्यांचा रंग पांढरा झाला आणि चौथ्या लाटेला दुपारचं जेवण समुद्रात गेलं. ते कसेबसे उतरून वाळूत आडवे झाले. डोळे मिटूनच म्हणाले, "सुमती, मी याआधी होडीत कधी बसलोच नव्हतो."

सुमतीबाईंना हसावं की रडावं कळेना. हा माणूस पाण्याला घाबरत होता आणि म्हणून गाडा पुरा होऊ देत नव्हता, की त्याला स्वतःलाही हे माहीत नव्हतं? विचारायची ही वेळ नव्हती. चंपा होडीची कड धरून उभी होती. "ये गो बाय, तू बस. घाबरू नको." सुमतीबाईंनी पदर खोचला आणि त्या बसल्या.

तिसऱ्या रविवारी त्यांना शिडाचा दोर हातात धरता यायला लागला, दिवाळीपर्यंत वळवता यायला लागलं. हेडमास्तरीणबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी नापसंती दाखवली आणि सुमतीबाईंनी ती ऐकून घेतली. गाडा पाण्यातून बाहेर आला की कमलाकांत गोड्या पाण्यानं चाकं धूत, बेअरिंगांना ग्रीस भरत. हे काम ते फार नीट करत, हे सुमतीबाई कोणालाही सांगत.

साठ सालच्या मे महिन्यात राज्य झालं. त्यानंतरच्या रविवारी सुमतीबाई नेहमीपेक्षा बऱ्याच आत गेल्या. शहर तिथून सलग दिसत होतं. त्यातलं गिरगाव कुठलं, ते त्यांना नेमकं काढता येईना. किनाऱ्यावर कमलाकांत गाड्याजवळ उभे राहून दोन्ही हात जोरजोरात हलवत होते. शीड उतरव म्हणत होते की आणखी चढव, हे इतक्या लांबून कळणं शक्य नव्हतं.

"काय तो माणूस!" सुमतीबाई मोठ्यानं म्हणाल्या. ऐकायला तिथे कोणी नव्हतं. त्यांनी शीड होतं तसंच ठेवलं.