फाट्याच्या आधीची पाटी

माझ्या मामेसासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या मामांनी, जितक्या माणसांना योग्य मार्गाला लावलं तितक्यांना खानदेशातल्या सगळ्या कीर्तनकारांनी मिळूनही लावलं नसेल. फरक एवढाच, की कीर्तनकारांचा मार्ग वैकुंठाला जायचा आणि मामांचा नागपूरला. त्या काळी धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन हायवे थोडं अंतर एकाच डांबरावरून जात. मग गाव संपता संपता फाटा येई. सरळ गेलं की आग्रा, उजवीकडे वळलं की नागपूर. त्या फाट्याला लागूनच मामांचं घर. रस्त्याच्या खात्यात मुकादमी करून ते रिटायर झाले आणि ज्या रस्त्यावर हयातभर खडी पसरली त्याच्याच कडेला निंबाखाली खाट टाकून बसले. फाट्यावर पाटी नव्हती असं नाही. होती, पण अगदी फाट्यावरच. नागपूरचा बाण दिसेपर्यंत ट्रकचं तोंड आग्र्याकडे लागलेलं असे. मग ड्रायव्हर एकतर भररस्त्यात करकचून ब्रेक मारी, नाहीतर खुशाल पुढे जाऊन नरडाण्याच्या स्टेशनाजवळ "नागपूर किती राहिलं?" असं विचारी.

"पाटी वाचापर्यंत गाडी निंघी जास. ड्रायव्हरना काय दोष?" असं मामा म्हणत. वळण आल्यावर सांगून उपयोग नाही, फर्लांगभर आधी सांगितलं पाहिजे, हे त्यांचं तत्त्व होतं. ते रस्त्यापुरतं राहिलं असतं तर आम्ही सुखात असतो, पण मामांनी ते घरात आणलं. पंगतीत वाढप्याच्या पुढे चालत ते लोकांना बजावत, की वरण-बट्टीचा दुसरा फेरा येणार आहे, भरीत जपून खा. जावयाला त्यांनी एकदा शनिवारीच निरोप धाडला होता, की मंगळवारी मी तुमच्यावर रागावायला येणार आहे. जावई बिचारा मंगळवारी कामावर न जाता घरी थांबला, मामा गेले, ठरल्याप्रमाणे रागावले आणि चहा घेऊन परतले. मला बघायला आले तेव्हा मी खाली मान घालून बसले होते. मामा म्हणाले, "पोरी, मी आते तुले सयपाकनं इचारसू. मंग शाळानं. त्याना बाद बठ्ठा लोके थोडा येळ गप बसतीन, तू घाबरू नको." त्या खोलीत मला ज्याची भीती वाटली नाही असा तो एकच माणूस.

लग्नानंतर सुरुवातीची काही वर्षं आम्ही धुळ्यात मामांच्या शेजारच्या खोलीत राहत होतो, त्यामुळे हा सगळा कारभार मी रोज पाहिला. सकाळी माठ भरून, अंघोळ करून मामा खाटेवर बसले, की चुकलेले ट्रक यायला लागत. पंजाबचा असो की मद्रासचा, मामा सगळ्यांशी अहिराणीत बोलत, फक्त मद्रासवाल्याशी जरा मोठ्याने. नुसतं "उजवीकडे वळा" सांगून त्यांचं समाधान होत नसे. पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, कुठे चढ आहे, कुठे गावातली म्हैस रस्त्यात बसते, सगळं ऐकल्यावरच ड्रायव्हरची सुटका. तोवर मामी चहा टाकीत आणि आतून म्हणत, "यास्ले दोन बायका करी देवाले पाह्यजे व्हत्यात. एक यास्नासाठे, एक ट्रकवालास्नासाठे." पण ओळखीचा सरदारजी दोन महिने आला नाही, की काळजीही मामीच करीत.

मामांना मात्र हे सगळं बंद व्हायला हवं होतं. पाटी फर्लांगभर अलीकडे आणावी, एवढी एकच त्यांची मागणी. एकदा ब्रेक मारलेला कांद्याचा ट्रक थेट मामींच्या न्हाणीपर्यंत आला, तेव्हापासून मामांनी धसका घेतला. "एक दिन आठे, या फाटावर, मानूस मरी जाई," ते म्हणत. अकरा वर्षं त्यांनी अर्ज केले. उत्तर यायचं, की फाट्यावर पाटी आहे. दोन्ही हायवे एकत्र जातात त्या रस्त्याच्या मैलाच्या दगडांवर नुसतं आग्रा लिहिलेलं होतं, तर मामांनी घरचा रंग नेऊन खाली नागपूर लिहिलं. सरकारी दगड रंगवल्याबद्दल ताकीद आली. मामांनी उलट टपाली कळवलं, की ताकीद पोचली, येत्या मंगळवारी पुन्हा लिहिणार आहे.

शेवटी एक तरुण साहेब नवीन बदलून आले. त्यांनी अर्ज वाचला आणि स्वतः बघायला येतो असं सांगितलं. साहेब मालेगावकडून येणार होते आणि पाहणी करून पुढे पारोळ्याला जाणार होते. मामा धुतलेला सदरा घालून सकाळपासून खाटेवर. अकराच्या सुमारास जीप आली. ड्रायव्हरही नवीनच होता. जीपचा वेग काही कमी होईना. मी ओट्यावरून पाहत होते. मामा अर्धवट उठले, हात वर नेला, आणि मग सावकाश खाली घेऊन पुन्हा बसले. जीप पाटीसमोरून सरळ आग्र्याकडे निघून गेली. ज्या माणसाने जन्मात कुणाला न सांगता साधी शिंकही दिली नव्हती, तो माणूस साहेबांना नरडाण्याच्या वाटेला लागताना पाहत गप्प राहिला. "मामा, हाक का नाही मारली?" मी विचारलं. "मी मारी ऱ्हायनू अकरा वरीस," ते म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले. साहेब तासाभराने उलटे आले. खाली उतरले, पाणी प्यायले, पाटीकडे बघितलं आणि पारोळ्याकडे निघाले.

दोन महिन्यांत नवी पाटी लागली. फर्लांगभर अलीकडे, मोठ्या अक्षरांत, दोन्ही हायवेंचे आकडे आणि दोन बाण. मामांनी पेढे वाटले. त्यानंतर आमची जळगावला बदली झाली. दिवाळीत भेटायला गेले, तर मामा खाटेवर बसलेले, माठ भरलेला, आणि ट्रक एकामागून एक शिस्तीत वळून जात होते. कुणी थांबत नव्हतं. मी तासभर बसले तेवढ्यात एका सायकलवाल्याने पाणी मागितलं, तोही गावातलाच. "आते कोनीच चुकत नही," मामा म्हणाले. मामींनी मला आत बोलावून हळूच सांगितलं, "यास्ले थोडा दिन तुना घर लई जाय."

मामा तोवर कुणाकडे मुक्कामाला गेले नव्हते, आपण नसताना गाडी चुकेल म्हणून. आता लगेच कबूल झाले. फाट्यावर एसटी थांबत होती, तरी त्यांनी उलटं धुळे स्टँडवर जाऊन बसायचा हट्ट धरला, ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर. पाटी आली. फाटा येईपर्यंत त्यांनी ती तीनदा वाचली. "तीनदा वाचाई जास," ते मला म्हणाले.

जळगावात ते आमच्या ओट्यावर बसून राहायचे. गल्लीत येणारा प्रत्येक माणूस आपल्या घरी बरोबर जायचा. मला त्यांच्याकडे बघवेना. इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी हा माणूस झटला तिनेच त्याला रिकामं केलं, याचा मला राग आला होता, पण रागवायचं कुणावर? चौथ्या दिवशी भाजी चिरता चिरता मी म्हटलं, "मामा, इथून असोद्याला कसं जायचं?"

असोदा माझं माहेर. जळगावपासून हाकेच्या अंतरावर. मामा स्वतः मला बघायला तिथे आलेले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी मान वर केली नाही.

"आठेन निंघनी का," त्यांनी घसा साफ केला, "पयलं रेल्वेनं गेट लागी. तठे वयू नको. सरय जाय."

"म्हणजे गेटाच्या अलीकडे वळायचं ना?"

"नही," मामा म्हणाले आणि मांडी घालून सरसावून बसले. "ध्यान दे. पयलापासून सांगस."

मी विळी बाजूला सारली आणि त्यांच्यासमोर जाऊन बसले.